‘पित्त असेल’ म्हणून थांबू नका

दुपारची भांडी झाली असतील, घटकाभर पाठ टेकली असेल. रेडिओ जरा जवळ ओढून घ्या. आज आम्ही हार्ट अटॅकबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बाया हप्ते आणि व्याज सोडून हे काय काढून बसल्या? तर त्याला कारण आहे. हे आमच्याच गटात घडलं, आमच्या डोळ्यांदेखत घडलं. ज्यांच्या बाबतीत घडलं, त्या मावशीच म्हणाल्या, “माझं नाव नका घेऊ, पण सांगा सगळ्यांना.” म्हणून सांगतोय.

यंदाच्या चैत्रातली गोष्ट. उडदाच्या पापडाची मोठी ऑर्डर होती. सोलापूर जिल्ह्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. आम्ही अकरा बाया सकाळपासून पत्र्याच्या शेडमध्ये बसलो होतो. मावशी पीठ कुटत होत्या. वय 52, अंगानं मजबूत, आमच्यात सगळ्यात कामाच्या. अकराच्या सुमाराला म्हणाल्या, “जबडा ठणकतोय गं.” कुणीतरी म्हणालं, दाढ असेल. थोड्या वेळानं दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठ भरून आली. आम्ही म्हटलं, सकाळपासून वाकून कुटताय, भरणारच. बाम चोळून दिला. मग मळमळायला लागलं, घाम सुटला. घाम तर आम्हा सगळ्यांनाच सुटला होता. पण मावशींचा हात गार लागत होता. ते आमच्यातल्या एकीच्या लक्षात आलं होतं. ती बोलली नाही. आम्ही लिंबू-सोडा करून दिला. एक ढेकर आली, जरा बरं वाटलं. आम्ही सगळ्या एकदम म्हणालो, “बघा, पित्तच होतं.”

संध्याकाळी घरी जाताना मावशी दम खायला तीनदा थांबल्या. घरी जाऊन भाकरी केल्या, सगळ्यांना वाढलं. रात्री उलट्या झाल्या. मालक म्हणाले, सकाळी बघू. मावशीही म्हणाल्या, “सकाळीच जाऊ, रात्रीचं कुणाला उठवता?” सकाळी आठला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचल्या. कार्डिओग्राम काढला आणि डॉक्टर म्हणाले, झटका काल दुपारीच येऊन गेलाय. तिथून सोलापूरला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. आज मावशींना भरली बादली उचलवत नाही. देवळाच्या पायऱ्या त्या दोनदा बसून चढतात.

आम्ही अकरा बाया तिथं होतो. एकीच्याही डोक्यात हार्ट अटॅक आला नाही. का नाही आला? कारण आमच्या डोक्यातलं चित्र सिनेमातलं होतं. एक गडीमाणूस छाती धरतो आणि धाडकन खाली पडतो. बाईला असं काही होतं, तेही पापड लाटता लाटता, जबडा आणि पाठ दुखून, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर आम्ही आरोग्य केंद्रातल्या मॅडमना गटाच्या मीटिंगला बोलावलं आणि दोन तास प्रश्न विचारले. त्यांनी जे सांगितलं, ते आमच्या भाषेत तुम्हाला सांगतो.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायू. तो अंगभर रक्त पोहोचवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. त्यासाठी त्याच्या अंगावरून बारीक रक्तवाहिन्या जातात. डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्या असतात ना, तशा समजा. वर्षानुवर्षं या वाहिन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी त्या थराला चीर जाते, तिथं रक्ताची गुठळी होते आणि नळी चोंदते. नळी चोंदली की त्या पुढचं झाड सुकायला लागतं. पाणी लवकर सुरू झालं तर झाड तरतं. वाळून गेलेल्या फांदीला मग कितीही पाणी द्या, पालवी फुटत नाही. हृदयाच्या स्नायूचं तसंच आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, नळी उघडायची अँजिओप्लास्टी असते. पण हे जितकं लवकर, तितका स्नायू वाचतो. पहिला एक तास सोन्यासारखा असतो. आम्ही मावशींचे वीस-एकवीस तास घालवले.

आता लक्षणं नीट ऐका. बायकांनाही सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण छातीतलंच असतं. पण ते दर वेळी ‘दुखणं’ नसतं. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं जड वाटतं, आवळल्यासारखं वाटतं, जळजळतं. ते मधोमध असतं, नेहमी डावीकडेच असतं असं नाही. तिथून दुखणं खांद्यात, हातात, गळ्यात, जबड्यात, पाठीत नाही तर बेंबीच्या वरच्या भागात जातं. त्याबरोबर थंड घाम येतो, दम लागतो, मळमळतं, उलटी होते, चक्कर येते, जीव घाबरा होतो. बायकांमध्ये दम लागणं, मळमळ, पाठ-जबडा दुखणं, एकाएकी गळून जाणं ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. काही जणींना छातीत फारसं काहीच होत नाही. ज्यांना बरीच वर्षं शुगर आहे त्यांच्या बाबतीत तर दुखणं जाणवतच नाही, नुसता दम लागतो किंवा अंगातली ताकद गेल्यासारखी वाटते, असंही होतं.

काही जणींना आधी काही दिवस सूचना मिळते. रोजचाच पाण्याचा हंडा आणताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. चढ चढताना जबडा दुखतो, बसलं की राहतो. झोप होऊनही अंग मोडून येतं. मावशी आता सांगतात, पंधरा दिवस त्यांना असंच होत होतं. त्यांना वाटलं, वय झालं. अशी सूचना मिळाली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि बसल्या जागी होऊ लागलं, तर त्याच घडीला निघा.

मग पित्त आणि अटॅक यातला फरक घरी कसा ओळखायचा? मैत्रिणींनो, घरी तो ओळखता येत नाही. ढेकर आली म्हणून पित्त, दाबल्यावर दुखलं म्हणून वायू, असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. ते कार्डिओग्राम आणि रक्ताची तपासणीच सांगते. पहिला कार्डिओग्राम चांगला आला तरी डॉक्टर थोड्या वेळानं पुन्हा काढतात, कारण सुरुवातीला त्यात काही दिसत नाही असंही होतं. म्हणून आमच्या गटानं एक नियम केलाय. जबड्यापासून बेंबीपर्यंत, पुढून किंवा मागून, असं काही दुखणं, जडपणा किंवा जळजळ दहा मिनिटांत थांबली नाही, किंवा त्याबरोबर थंड घाम आला, दम लागला, तर पित्त म्हणायचं नाही. निघायचं.

निघायचं म्हणजे काय करायचं, तेही ऐका.

पहिलं, बाईला काम थांबवून बसवा. पाठीला टेका द्या, गुडघे जरा वर घ्या, पोलकं सैल करा. तिला चालवू नका, जिना चढवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका.

दुसरं, 108 ला फोन लावा. आपल्या राज्यात ही गाडी 2014 पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. फोनवर गावाचं नाव, जवळची खूण, बाईचं वय सांगा आणि “छातीचं दुखणं आहे, हार्ट अटॅकची शंका आहे” असं स्पष्ट म्हणा. नुसतं “बरं वाटत नाही” म्हणू नका. गाडीला फारच वेळ लागणार असं कळलं, तर गावातलं चारचाकी वाहन घ्या. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.

तिसरं, अ‍ॅस्पिरिनची गोळी. 300 मिलीग्रॅमची साधी गोळी चावून खाल्ली तर गुठळी वाढायला अटकाव होतो. पण जिला त्या गोळीची अ‍ॅलर्जी आहे, पोटात अल्सर आहे, कुठून रक्त जातंय, तिला ती चालत नाही. म्हणून 108 च्या फोनवर विचारा आणि ते सांगतील तसं करा. जिभेखाली ठेवायची शेजाऱ्याची गोळी आपल्या मनानं देऊ नका, त्यानं रक्तदाब एकदम उतरू शकतो.

चौथं, वाटेत सुई-सलाईनसाठी थांबू नका. जिथं कार्डिओग्राम निघतो तिथंच जा. दारात पाऊल ठेवल्याबरोबर म्हणा, “आधी ईसीजी काढा.” दवाखान्यात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघावा, असा नियमच आहे. केस पेपरच्या रांगेत मुकाट उभ्या राहू नका.

पाचवं, बाई बेशुद्ध पडली आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके द्यायला लागली, तर तिला कडक जमिनीवर उताणी झोपवा. छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून जोरात दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल. दमलात की दुसरीनं घ्यायचं, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. आम्ही हे उशीवर करून बघितलं. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून दोघी-तिघी लागतात. आणि मोबाईलवर फिरतं ना, जोरजोरात खोकला म्हणजे अटॅक थांबतो, ते खोटं आहे. त्यात वेळ घालवू नका.

आता हा झटका कुणाला येतो, ते बघू. ज्या दिवशी हे बोलणं झालं, त्या दिवशी आमच्या मीटिंगमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. कारण मॅडम एकेक गोष्ट सांगत होत्या आणि आम्ही एकमेकींकडे बघत होतो.

पहिली गोष्ट बी.पी. 120/80 च्या आत असेल तर उत्तम. पुन्हा पुन्हा मोजून 140/90 किंवा त्याच्या वर आलं तर तो आजार आहे. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. मावशींचं बी.पी. 2022 च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ची तपासणी झाली तेव्हाच सापडलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. महिना संपला, गोळ्या संपल्या, बरं वाटत होतं, म्हणून पुन्हा गेल्याच नाहीत. मैत्रिणींनो, बरं वाटतं ते गोळीमुळे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती बंद करायची नाही.

दुसरी गोष्ट शुगर. उपाशीपोटी 126 किंवा त्याच्या वर असेल, तर ती हृदयाच्या नळ्याही खराब करते.

तिसरी गोष्ट मिश्री. इथं आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो. अकरापैकी सहाजणी सकाळी उठल्यावर आधी मिश्री लावतात, मग चहा घेतात. बिडी-सिगारेट ओढत नाही म्हणजे आपण सुटलो, असं आम्हाला वाटायचं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. सहापैकी दोघींची सुटली आहे, बाकीच्या झटतायत. सोडताना डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. ते थोड्या आठवड्यांत कमी होतं. मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारचा मोफत नंबर आहे.

चौथी गोष्ट मीठ. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं. भाजी, भाकरी, चटणी, लोणचं, पापड, फरसाण सगळं. चौघांच्या घराला महिन्याला 600 ग्रॅम. आम्ही घरी जाऊन मोजलं, तर बहुतेकींच्या घरात किलोची पुडी महिनाभर पुरत नव्हती. आणि आम्ही स्वतः काय विकतो? पापड आणि लोणचं! पापडात मीठ असतं आणि पापडखारातूनही तोच सोडियम पोटात जातो. यावर आमच्यात वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, “असं रेडिओवर सांगितलं तर आपला माल कोण घेणार?” त्यांचं खोटं नव्हतं, त्या पैशावर आमच्या पोरींच्या फिया भरल्या जातात. शेवटी ठरलं की माल विकायचा, पण खरं सांगायचं. पापड सणावारी खायचा, रोज दोन वेळा ताटात घ्यायचा नाही. बी.पी. असेल तर घ्यायचाच नाही. जवस आणि कारळाची कमी मिठाची चटणी आम्ही सुरू केली आहे. खप अजून कमी आहे, पण सुरू आहे.

पाचवी गोष्ट खास आपली, बायकांची. पाळी जाईपर्यंत आपल्याला थोडं संरक्षण असतं, पाळी गेली की धोका वाढत जातो. आपल्याकडे लहान वयात पिशवी काढलेल्या बाया कितीतरी आहेत. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर हा धोका आणखी लवकर सुरू होतो. बाळंतपणात ज्यांचं बी.पी. वाढलं होतं किंवा शुगर निघाली होती, त्यांनाही पुढं हृदयाचा आजार होण्याची शक्यता जास्त असते. हे डॉक्टर विचारत नाहीत, आपणही सांगत नाही. यापुढं सांगायचं. चुलीचा धूर फुप्फुसांबरोबर हृदयालाही लागतो. आई-वडिलांना, भावा-बहिणीला कमी वयात झटका आला असेल तर तेही सांगायचं.

आणि “आम्ही तर दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” हा प्रश्न आम्हीही विचारला. मॅडम म्हणाल्या, शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम कमी पडत नाही, तिला विसावा आणि झोप कमी पडते. पण जी दिवसभर मशीनवर शिवते किंवा पापड लाटायला बसते, तिनं रोज अर्धा तास झपझप चाललं पाहिजे. आणि जेवणात तळणाच्या तेलाचा पुन्हा पुन्हा वापर नको, ताटात डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे हवेत. ज्वारी-बाजरीची भाकरी आपली आहेच.

आता सांगतो, आम्ही गटात काय बदललं. कारण मावशींच्या त्या रात्री अडलं कशावर? गाडीवर, पैशावर आणि “कुणाला उठवायचं” यावर.

गटाच्या बचतीतले 5,000 रुपये आता खजिनदाराच्या घरी रोख असतात. कुणाचं असं दुखणं निघालं तर दोघींच्या होकारावर ते पैसे रात्री दोन वाजताही मिळतात. मीटिंग नको, ठराव नको, सह्या नंतर. तीन महिने व्याज नाही. गावातल्या तीन गाडीवाल्यांचे नंबर आणि 108 शेडच्या भिंतीवर रंगानं लिहिलेत. प्रत्येकीच्या आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स एका पिशवीत तयार आहेत, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात अँजिओप्लास्टीही येते. योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला विचारायचं. आणि दर महिन्याच्या मीटिंगमध्ये हप्त्याच्या वहीबरोबर बी.पी.ची वही उघडते. आशाताई मशीन घेऊन येतात. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्या रिकामी पाकिटं दाखवतात.

श्रावणात याची परीक्षा झाली. आमच्या एका वहिनींना, वय 46, शुगर असलेल्या, उपवासाच्या रात्री छातीत जळजळ आणि दम सुरू झाला. दहा मिनिटं घड्याळ लावून बघितलं. थांबलं नाही. जाऊबाईंनी 108 लावला, खजिनदार पैसे घेऊन धावली, दोघी बरोबर गेल्या. दवाखान्यात दोनदा ईसीजी काढला, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, पित्तच आहे.

वहिनींना इतकी लाज वाटली की पुढच्या मीटिंगला येईनात. घरात कुणीतरी म्हणालंही होतं, “उगाच गावभर केलं.” तेव्हा मावशी स्वतः त्यांच्या घरी गेल्या. हळूहळू चालत, वाटेत दोनदा थांबत. आणि म्हणाल्या, “मला त्या दिवशी उगाच नेलं असतं, तर मी आज तुझ्या घरी एका दमात आले असते.” त्या दिवसापासून आमच्या गटात ‘उगाच’ हा शब्द बंद आहे. दहा वेळा पित्त निघालं तरी चालेल, अकराव्यांदाही आम्ही जाणार.

मैत्रिणींनो, 29 सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. त्या दिवशी फार काही करू नका. घरातल्या 30 वर्षांपुढच्या प्रत्येक बाईनं उपकेंद्रात जाऊन बी.पी. आणि शुगर मोजून घ्या. सासूबाईंना न्या, जावेला न्या. आपण घरातल्या सगळ्यांची दुखणी लगेच ओळखतो, स्वतःचं दुखणं मात्र भाकरी झाल्यावर, सगळ्यांची ताटं उचलल्यावर सांगतो. पुढच्या वेळी छातीत, पाठीत, जबड्यात कळ आली, तर तवा उतरवा आणि आधी सांगा. नवरा घरी नसेल तर शेजारणीला सांगा, गटातल्या बाईला सांगा. आणि तुम्हाला कुणी सांगितलं, तर सोडा शोधू नका, फोन शोधा.

आम्ही मावशींच्या वेळी चुकलो. तुम्ही चुकू नका.